मुक्काम पोस्ट हॉटेल : २०२०च्या तीन महाशर्यतींच्या सुरक्षाव्यवस्थेचे परीक्षण

टप्प्याटप्प्यांच्या व्यावसायिक सायकल शर्यतीला ना मैदान असते, ना तिकीट, ना दार. त्यामुळे दारावर कोणाला अडवण्याची सोयही नसते. कोविडच्या साथीच्या काळात अशी शर्यत भरवणारा आयोजक प्रत्यक्षात एक सेवाच देऊ करत असतो. दीड-पावणेदोनशे रायडर, त्यांच्याहून संख्येने जास्त असलेले संघांचे कर्मचारी आणि वाटेवरची शेकडो गावे यांना तो सांगत असतो, की तीन आठवडे हा लवाजमा देशभर फिरेल आणि कोणाच्याही घरी आजार न पोहोचवता परत जाईल. टूर द फ्रान्स, जिरो द इटालिया आणि व्हुएल्टा आ एस्पान्या या तिन्ही महाशर्यती २०२० साली २९ ऑगस्ट ते ८ नोव्हेंबर या ७२ दिवसांत कोंबून भरवण्यात आल्या आणि एरवी वर्षभर पसरलेली ही सेवा एकाच मोसमात शेजारी शेजारी ठेवून पारखण्याची संधी मिळाली. कोण कुठल्या घाटात पुढे निघाला हा या परीक्षणाचा विषय नाही. आयोजकांनी जी हमी दिली ती कितपत पाळली, एवढेच येथे पाहायचे आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांवर सर्वांचे डोळे लागलेले होते, पण या शर्यती सुरक्षित ठरल्या किंवा फसल्या त्या संध्याकाळी, हॉटेलच्या जेवणघरात. ज्या आयोजकाने मुक्कामाची व्यवस्था घट्ट ठेवली त्याचे निभावले. ज्याने ती ढिली सोडली त्याच्या शर्यतीतून दोन अख्खे संघ एका सकाळी घरी गेले.

आपल्याकडे ‘बबल’ हा शब्द, म्हणजे बाहेरच्यांशी संपर्क तोडलेला गट, घरोघरी पोहोचला तो आयपीएलमुळे. योगायोग असा, की अमिरातीत त्या वर्षीचा पहिला सामना मुंबई आणि चेन्नई यांच्यात १९ सप्टेंबरला झाला आणि त्याच दिवशी फ्रान्समध्ये टूरचा निकाल ठरवणारी टाइम ट्रायल, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायची शर्यत, झाली. दोन्हींना बबल असेच म्हणत, पण त्यांच्यात साम्य फार थोडे होते. आयपीएलला दुबई, अबू धाबी आणि शारजा अशी तीन मैदाने पुरली, संघ आपापल्या ठरलेल्या हॉटेलात राहिले आणि प्रेक्षकांना आत घेतलेच नाही. सायकल शर्यतीला जवळपास रोज हॉटेल बदलावे लागते. रोज नवे स्वयंपाकी, नवे वाढपी, नव्या खोल्या. ही जात आपल्या वारीची. त्या वर्षी वारीचा पायी सोहळा रद्द झाला आणि संतांच्या पादुका एसटीने थेट पंढरपुरास नेण्यात आल्या, हे आठवले की रोज मुक्काम बदलणारा सोहळा सुरक्षितपणे चालवणे किती अवघड आहे याची कल्पना महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळी करून द्यावी लागू नये.

तरीही शर्यती भरवायच्याच, असा अट्टहास का होता? या खेळात तिकीटविक्री नाही. आयोजकांचे उत्पन्न प्रक्षेपणाचे हक्क, प्रायोजक आणि टप्पा आपल्या गावी यावा म्हणून पैसे मोजणारी गावे यांतून येते. संघ तर जवळजवळ पूर्णपणे प्रायोजकांवर जगतात आणि प्रायोजक मुख्यतः जुलै महिन्यातल्या टूरकडे पाहून पैसे लावतो. २०२०च्या वसंतात अनेक संघांनी रायडरांचे पगार कापले. सीसीसी या पोलिश प्रायोजकाने हात काढून घेतल्यावर त्या संघाचा गाशा हंगामाअखेर गुंडाळला गेला. शर्यत झाली नाही तर काय होईल याची भीती आणि शर्यत झाली तर काय होईल याची भीती यांच्या कात्रीत हा सगळा खेळ सापडला होता.

व्यवस्था नसली की काय होते, याचा नमुना फेब्रुवारीतच पाहायला मिळाला होता. यूएई टूरचा पाचवा टप्पा संपल्यावर, २७ फेब्रुवारीच्या रात्री, एका संघाच्या इटालियन कर्मचाऱ्यांना लागण झाल्याच्या संशयावरून उरलेले दोन टप्पे रद्द करण्यात आले आणि अबू धाबीतल्या हॉटेलात सगळ्यांना अडकवून ठेवण्यात आले. बहुतेकांना लवकर सोडले, पण काही संघ आणखी बरेच दिवस खोल्यांमध्येच बंद राहिले. कोलंबियाचा वेगवान रायडर फर्नांडो गाविरिया तिथेच बाधित निघाला आणि रुग्णालयात दाखल झाला. त्या शर्यतीत कोणी काय चुकवले हे विचारण्यात अर्थ नाही, कारण चुकवायला नियमच नव्हते. मार्चमध्ये पॅरिस-नीस ही शर्यत अनेक मोठ्या संघांच्या गैरहजेरीत सुरू झाली, शेवटचा टप्पा कापून संपली आणि मग ऑगस्टपर्यंत वरच्या दर्जाच्या स्पर्धा थांबल्या.

मधल्या काळात आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने, म्हणजे यूसीआयने, जी नियमावली तयार केली ती कागदावर तरी समजायला सोपी होती. प्रत्येक संघ हा एक बबल. सर्व संघ मिळून शर्यतीचा एक मोठा बबल. त्यात शिरण्याआधी प्रत्येकाच्या दोन पीसीआर चाचण्या, पहिली सुरुवातीच्या सुमारे सहा दिवस आधी आणि दुसरी तीन दिवस आधी. लागण झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत काही दिवस जातात, म्हणून एका चाचणीवर विसंबायचे नाही, हे त्यामागचे साधे कारण. महाशर्यतीत विश्रांतीच्या दिवशी पुन्हा चाचणी. हॉटेलात प्रत्येक संघाला स्वतंत्र मजला किंवा भाग, जेवणाची वेगळी व्यवस्था. रायडरांनी सह्या देऊ नयेत आणि चाहत्यांसोबत सेल्फी काढू नयेत. शर्यतीसाठी एक खास कोविड डॉक्टर नेमलेला असावा. जुलैअखेरीस स्पेनमधल्या बुर्गोसच्या शर्यतीत हे सारे प्रथम वापरून पाहिले गेले, तेव्हा काही रायडरांना बाधितांच्या संपर्कात आल्यामुळे मागे घ्यावे लागले. व्यवस्था काम करते आहे याची ती खूणच होती, जरी त्या रायडरांना तसे वाटले नसेल.

टूरची मूळ तारीख २७ जून होती. ती पुढे ढकलून २९ ऑगस्टला नीस येथे सुरुवात झाली, तीही तो जिल्हा नुकताच धोक्याच्या लाल यादीत गेलेला असताना. २२ संघ, १७६ रायडर आणि प्रत्येक संघाच्या बबलमध्ये रायडर धरून सुमारे ३० माणसे. शर्यतीबरोबर फिरती प्रयोगशाळा होती; नमुने कुठल्यातरी शहरात पाठवून निकालाची वाट पाहण्याची वेळ येऊ नये, हा त्यामागचा विचार. या सेवेतली सर्वांत मोलाची वस्तू मला तीच वाटते. रोज गाव बदलणाऱ्या मंडळींना प्रत्येक जिल्ह्यातली प्रयोगशाळा शोधायला लावणे म्हणजे नियम कागदावरच ठेवणे.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे हकालपट्टीचा नियम, आणि त्याच्या पायी सुरुवातीलाच बराच गोंधळ झाला. आयोजक एएसओने आधी जाहीर केले, की सात दिवसांत एका संघातले दोघे बाधित निघाले तर संपूर्ण संघ बाहेर. शर्यतीच्या तोंडावर हा नियम सैल करून कर्मचारी वगळण्यात आले आणि फक्त रायडर मोजायचे ठरले. मग फ्रेंच सरकारने हात घातला आणि कर्मचारी पुन्हा मोजणीत आले. सुरुवातीच्या दिवसापर्यंत नियम बदलत राहणे ही आयोजकाच्या सेवेतली ठळक त्रुटी आहे, तिचे गुण कापलेच पाहिजेत. परंतु शेवटी जो नियम टिकला तो योग्य होता. मालीश करणारा, बाटल्या भरणारा आणि सायकल दुरुस्त करणारा माणूस रायडरच्या जितका जवळ असतो तितका दुसरा रायडरही नसतो. विषाणू अंगावरची जर्सी पाहून फरक करत नाही.

या नियमाची धार ७ सप्टेंबरच्या पहिल्या विश्रांतीच्या दिवशी दिसली. त्या दिवशीच्या चाचण्यांत एकही रायडर बाधित निघाला नाही, पण कोफिडिस, एजीटूआर, मिचेल्टन-स्कॉट आणि इनिओस या चार संघांतला प्रत्येकी एक कर्मचारी बाधित निघाला. आता एकूण वेळेची क्रमवारी पाहा. दुसऱ्या क्रमांकावर इनिओसचा गतविजेता एगन बेर्नाल, तिसऱ्यावर कोफिडिसचा गियोम मार्तां, चौथ्यावर एजीटूआरचा रोमां बार्दे आणि पहिल्या दहांत मिचेल्टनचा ॲडम येट्स. आघाडीवीराच्या पिवळ्या जर्सीतल्या प्रिमोझ रोग्लिचच्या मागचे पहिले तिघेही अशा संघांत होते, जिथे आणखी एका माणसाच्या नाकातला एक नमुना बिघडला असता तर त्यांना पायडल न मारता घरी जावे लागले असते. बाधितांना बाहेर काढून चौघेही संघ पुढे निघाले आणि आठवड्याने झालेल्या चाचण्यांतून सहीसलामत पार पडले. पॅरिसला बावीसच्या बावीस संघ पोहोचले. तीन आठवड्यांत एकही रायडर चाचणीमुळे बाहेर पडला नाही.

त्याच पहिल्या फेरीत बाधित निघालेल्यांत शर्यतीचे संचालक क्रिस्तियां प्रुदोम यांचाही समावेश होता. ते रायडरांच्या बबलमध्ये नव्हते, म्हणून शर्यतीला धक्का बसला नाही. पण काहीच दिवस आधी पिरेनीजच्या टप्प्यात त्यांच्या लाल मोटारीत शेजारी बसलेले पंतप्रधान झां कास्तेक्स यांना विलगीकरणात जावे लागले. प्रुदोम आठवडाभर दूर राहिले. देशोदेशीच्या पाहुण्यांना मोटारीत बसवून टप्पा दाखवण्याची टूरची जुनी रीत आहे. त्या वर्षी ती बंद ठेवायला हवी होती. रायडरने चाहत्याला सही द्यायची नाही आणि संचालकाने मोटारीत पाहुणे बसवायचे, हे एका नियमावलीत बसत नाही.

प्रेक्षकांच्या बाबतीत व्यवस्था अर्धीमुर्धीच राहिली. सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठिकाणी कठडे, मास्क आणि मर्यादित प्रवेश हे सारे जमले. पॅरिसच्या शाँझेलिझेवर पाच हजारांची मर्यादा घातली गेली. पण घाट म्हटला की तिथे कठडे लावायचे किती? आठव्या टप्प्यात पेइरसूर्दच्या चढणीवर लोकांनी नेहमीसारखी गर्दी केली, काहींची मुखपट्टी हनुवटीवर, काहींना नाहीच, आणि ते रायडरांच्या तोंडापासून हातभर अंतरावर ओरडत धावत होते. एका आठवड्यानंतर ग्राँ कोलोंबिएचा घाट प्रेक्षकांना बंद करण्यात आला, तेव्हा चढण मोकळी, शांत आणि थोडी विचित्र दिसली. जे दुसऱ्या आठवड्याअखेर जमले ते पहिल्या आठवड्यात जमण्यासारखे होते. मात्र एक नोंद केलीच पाहिजे: पेइरसूर्दच्या त्या गर्दीनंतरच्या दोन्ही विश्रांतीच्या दिवशी एकही रायडर बाधित निघाला नाही. उघड्या हवेत, काही सेकंदांत मागे पडणाऱ्या माणसाकडून धोका नव्हताच असे मी म्हणणार नाही, पण दृश्याने जितका घाबरवला तितका तो नक्कीच नव्हता.

काही बारीकसारीक गोष्टी मात्र मनापासून आवडल्या. टप्पा संपला की धापा टाकणाऱ्या रायडरच्या हातात पाण्याच्या बाटलीआधी मास्क दिला जाई. श्वास पुरत नसताना नाकातोंडावर कापड ओढणे म्हणजे काय शिक्षा असेल, हे त्या चेहऱ्यांवर दिसे. पत्रकार कठड्यापलीकडे उभे आणि त्यांचे माइक लांब काठीच्या टोकाला बांधलेले, म्हणजे मुलाखत घेणारा जणू तळ्यात गळ टाकून बसला आहे. व्यासपीठावर जर्सी चढवायला कोणी पुढे येत नसे. विजेत्याने ती स्वतःच उचलून अंगात घालायची आणि झिप वर ओढण्यासाठी खटपट करायची. हे सारे नाटकी वाटण्याचा संभव होता, पण तीन आठवडे रोज न चुकता केल्यामुळे त्याची शिस्त झाली.

आता जिरो. आयोजक आरसीएस स्पोर्टवर टीका करण्याआधी एक सवलत देणे न्याय्य आहे: ३ ऑक्टोबरला सिसिलीत शर्यत सुरू झाली तेव्हा युरोपात दुसरी लाट चढू लागली होती. सप्टेंबरातल्या फ्रान्सपेक्षा ऑक्टोबरातल्या इटलीचे काम अवघड होते. तरीही जे घडले ते केवळ लाटेच्या माथी मारता येत नाही.

मिचेल्टन-स्कॉटचा सायमन येट्स, ॲडमचा जुळा भाऊ, सातव्या टप्प्यानंतर तापाने आजारी पडला. संघाने स्वतः जलद चाचणीची मागणी केली, ती बाधित आली, पीसीआरने तिला दुजोरा दिला आणि १० ऑक्टोबरला तो घरी गेला. येथे मुद्दा असा, की आयोजकाच्या वेळापत्रकाप्रमाणे पुढची चाचणी विश्रांतीच्या दिवशी होती. संघाचा डॉक्टर दक्ष नसता, किंवा ताप थोडा कमी असता, तर येट्स आणखी दोन टप्पे त्याच बसमधून, त्याच टेबलावर जेवून हिंडला असता. सुरुवातीच्या चाचण्या आणि पहिला विश्रांतीचा दिवस यांच्यात नऊ टप्प्यांची ही उघडी फट टूरमध्येही होती. टूरची ती निभावून गेली, जिरोची गेली नाही.

१३ ऑक्टोबरच्या सकाळी विश्रांतीच्या दिवशी घेतलेल्या ५७१ चाचण्यांचे निकाल आले. आठ जण बाधित: युंबो-व्हिस्माचा स्टीव्हन क्रुइसवाइक, सनवेबचा मायकेल मॅथ्यूज आणि सहा कर्मचारी. त्या सहांपैकी चार जण एकट्या मिचेल्टन-स्कॉटचे होते. उरलेल्यांपैकी एक इनिओसचा, एक एजीटूआरचा. मिचेल्टन आणि युंबो या दोन्ही संघांनी त्याच दिवशी शर्यत सोडली. ही आकडेवारी नीट वाचली की माझे सुरुवातीचे म्हणणे समजेल. येट्सबरोबर सात दिवस घाट चढणारे शेदीडशे इतर रायडर होते आणि त्यांच्यातले फक्त दोघे बाधित निघाले. पण त्याच्याच संघातले, त्याच्याच हॉटेलात राहणारे चार कर्मचारी निघाले, जे सायकलवर बसतच नाहीत. विषाणू पेलोटॉनमधून, म्हणजे रायडरांच्या घोळक्यातून, पसरला असता तर चित्र उलटे दिसले असते.

मुक्कामाच्या व्यवस्थेबद्दल रायडरांच्या आणि संघांच्या तक्रारी त्याच सुमारास बाहेर आल्या. एकाच हॉटेलात अनेक संघ, जेवायला सामायिक बुफे, आणि त्या बुफेच्या रांगेत बबलबाहेरची माणसेही. चमच्याचा दांडा पन्नास हातांतून जातो हे कळायला वैद्यकीय पदवी लागत नाही. भर म्हणून, जिरोच्या आधी त्याच मार्गावर निघणाऱ्या ई-बाइक उपक्रमाच्या बंदोबस्तातले १७ पोलीस बाधित असल्याचे समोर आले. त्यांचा मुख्य शर्यतीशी संपर्क नव्हता असे आयोजकांचे म्हणणे होते. तेवढ्याने कोणाचे समाधान झाले असेल असे वाटत नाही. ईएफ प्रो सायकलिंग या अमेरिकी संघाने तर यूसीआय आणि आरसीएस यांना पत्र लिहून दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस शर्यत थांबवण्याची विनंती केली. ती फेटाळण्यात आली.

शर्यत थांबवावी या मागणीशी मी सहमत नव्हतो आणि आजही नाही. पण ती मागणी एका संघाला उघडपणे करावी लागली, यातच सेवेचे मूल्यमापन आले. आयोजकाने त्यानंतर विश्रांतीच्या दिवसाची वाट न पाहता मधल्या आठवड्यातही चाचण्या घेतल्या, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. शेवटच्या विश्रांतीच्या दिवशी गाविरिया बाधित निघाला, तोच, ज्याने फेब्रुवारी-मार्च अबू धाबीच्या रुग्णालयात काढला होता. पुढे मोर्बेन्यो ते आस्ती हा अडीचशे किलोमीटरहून लांब टप्पा पावसात सुरू होताना रायडरांनी नकार दिला आणि तो निम्म्यावर आणावा लागला. तीन आठवडे थकलेल्या शरीरांची प्रतिकारशक्ती हा त्यांचा एक मुद्दा होता. ज्यांचा आयोजकावर विश्वास उरला आहे असे लोक सकाळी सुरुवातीच्या रेषेवर संप करत नाहीत. फ्रान्सने हद्द ओलांडू न दिल्यामुळे इझोआरचा घाट वगळून सेस्त्रिएरेच्या चढणीवर काम भागवण्यात आले. खेळ म्हणून मात्र शर्यत अप्रतिम झाली: शेवटच्या दिवशी टाओ गेओगन हार्ट आणि जाय हिंडले यांची एकूण वेळ सारखीच होती आणि गेओगन हार्ट ३९ सेकंदांनी जिंकला. चांगल्या खेळाने वाईट व्यवस्थेवर पांघरूण घातले, असे फार वेळा होते.

व्हुएल्टाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, आणि या प्रकारच्या सेवेत ती प्रशंसाच आहे. नेदरलँड्समधली सुरुवात आधीच रद्द करून शर्यत १८ टप्प्यांवर आणली होती. पोर्तुगालमध्ये जायचे टाळले. फ्रान्सने परवानगी नाकारल्यावर तूरमालेऐवजी फोर्मिगालवर टप्पा संपवला. २५ ऑक्टोबरला स्पेनमध्ये आणीबाणीसदृश स्थिती आणि रात्रीची संचारबंदी जाहीर झाली, त्याच दिवशी हा बदललेला टप्पा पार पडला. घाटांवर प्रेक्षकांना मुळीच जाऊ दिले नाही. टूर आणि व्हुएल्टा यांची सूत्रे एकाच समूहाकडे आहेत. सप्टेंबरात शिकलेले ऑक्टोबरात वापरलेले दिसले. ८ नोव्हेंबरला रोग्लिच माद्रिदमध्ये व्यासपीठावर चढला.

चाचणीवरच्या विश्वासाचीही एक बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय गुण देणे बरोबर नाही. ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या प्लुए येथील एकदिवसीय शर्यतीतून बोरा-हान्सग्रोहे संघाला एका रायडरच्या बाधित अहवालामुळे माघार घ्यावी लागली आणि पुढच्या चाचण्या निर्दोष आल्या. जिरोतल्या मॅथ्यूजचेही नंतरचे अहवाल बाधित आले नाहीत. कारकिर्दीतली एक शर्यत एका संशयास्पद निकालापायी हातची जाते, तेव्हा तातडीने दुसरी चाचणी मिळणे हा रायडरचा हक्क असायला हवा होता. त्या वर्षी ते संघाच्या वजनावर आणि प्रयोगशाळेच्या सोयीवर अवलंबून राहिले.

पाचपैकी गुण द्यायचे तर टूरला मी चार देतो. एक गुण बदलत्या नियमांसाठी आणि पेइरसूर्दसाठी कापला. व्हुएल्टालाही चार. जिरोला दोन, आणि त्यातलाही एक ऑक्टोबरची अडचण लक्षात घेऊन.

पुढच्या वर्षांत ही सेवा पातळ होत गेली. फेब्रुवारी २०२१च्या यूएई टूरमध्ये एका कर्मचाऱ्याच्या बाधित अहवालानंतर, पहिला टप्पा जिंकलेल्या मॅथ्यू व्हान डर पूलसह अख्खा आल्पेसिन-फेनिक्स संघ घरी गेला. ते जुन्या कडकपणाचे मोठे उदाहरण. २०२२च्या टूरआधी दोन बाधितांचा नियम काढून टाकण्यात आला आणि लक्षणे नसलेल्या, विषाणूचे प्रमाण कमी असलेल्या रायडरला डॉक्टरांच्या संमतीने पुढे जाऊ दिले गेले. अशाच सवलतीवर सुरुवात केलेल्या बॉब युंगेल्सने शातेलचा टप्पा एकट्याने जिंकला. २०२३च्या जिरोत रेम्को एव्हेनेपूल चेसेनाची टाइम ट्रायल जिंकून आघाडीवीराची गुलाबी जर्सी घातलेल्या रात्रीच बाधित म्हणून घरी गेला, तेव्हा त्याला थांबवणारा कुठलाही नियम उरला नव्हता. तो निर्णय संघाचा आणि त्याचा होता. २०२४च्या टूरमध्ये हुआन आयुसो आणि टॉम पिडकॉक बाधित होऊन घरी परतले, तर जेरेंट थॉमस बाधित असल्याचे सांगून पेलोटॉनमध्येच राहिला आणि आयोजकांनी रायडरांजवळ येणाऱ्यांना पुन्हा मास्क सक्तीचा केला.

लसीकरणानंतर नियम सैल होणे समजण्यासारखे आहे. न समजण्यासारखे आहे ते हे, की मास्क परत आला तो पत्रकार आणि पाहुण्यांसाठी, म्हणजे पुन्हा रस्त्याच्या बाजूला. बुफे मात्र २०२०आधीसारखाच सामायिक राहिला तर कोणत्याही नियमाचा भंग होत नाही. येत्या हंगामात एखाद्या संघाला आयोजकाकडे एकच गोष्ट मागायची असेल, तर ती स्वतंत्र जेवणघर ही असावी.